तीन मिलिमीटरची नळी, बत्तीस हजार कण

आठ मिलिमीटर व्यासाचा एक गोल मुतखडा घ्या. त्याचे चार मिलिमीटरचे तुकडे केले तर ते आठ होतील. दोन मिलिमीटरचे केले तर ६४, एक मिलिमीटरचे केले तर ५१२. आणि लेसरने त्याची पाव मिलिमीटरची भुकटी केली तर ३२,७६८ कण. खडा तोच, वजनही तेच, जेमतेम सहा दशांश ग्रॅम. गणित शाळेतलं आहे: माप ३२ पट लहान केलं की संख्या ३२ च्या घनाइतकी वाढते. ऑपरेशन चालू असताना कुणी कण मोजत बसत नाही आणि सगळे कण एका मापाचे पडतही नाहीत. पण अंदाज याच घरातला.

मूत्रवाहिनीत अडकलेला खडा दुर्बिणीने काढायचे तीन-चार मार्ग आज आहेत. कोणता सरस, यावर यूरोलॉजिस्टांच्या परिषदांत वाद झडतात, आणि दवाखान्याच्या बाकड्यांवर त्याहून जास्त. ‘लेसरने केलं का?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा लागतो. खडा केवढा, अडकलाय कुठे आणि तिथे हत्यार शिरायला वाव किती, हे त्याच्या आधी यायला हवं.

वाव किती, तिथूनच सुरू करू. दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. वर्षाचे झाले ६५,७०० लिटर. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या वाड्या-वस्त्यांवर जातात तसे दहा हजार लिटरचे साडेसहा टँकर. यातलं जवळजवळ ९९ टक्के पाणी शरीर परत रक्तात ओढून घेतं. उरलेलं दीड-दोन लिटर मूत्राशयाकडे जातं, ते दोन नळ्यांमधून. प्रत्येक नळी २२ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून तीन-चार मिलिमीटर रुंद. ही मूत्रवाहिनी. तिच्यात मूत्र नुसतं उतारावरून घरंगळत नाही, स्नायूंच्या लाटा ते ढकलतात. मिनिटाला तीन लाटा धरल्या तर एका नळीत दिवसाला ४,३२० लाटा होतात आणि सत्तर वर्षांच्या आयुष्यात ११ कोटी. एका लाटेसरशी पुढे सरकतं ते ०.१७ मिलिलिटर, म्हणजे साडेतीन थेंब.

अशा नळीत खडा येऊन बसला की मागे मूत्र तुंबतं, दाब चढतो, भिंत ताणली जाते आणि कुशीतून जांघेपर्यंत ती कळ निघते. अडकण्याच्या नेहमीच्या जागा तीन. मूत्रपिंडातून नळी सुरू होते तिथे पहिली, कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना दुसरी, आणि मूत्राशयाच्या भिंतीतून आत शिरताना तिसरी. तिसरी सर्वांत चिंचोळी.

प्रत्येक खड्याला ऑपरेशन लागत नाही, हे आकड्यांनीच सांगितलेलं बरं. अमेरिकी आणि युरोपीय यूरोलॉजिस्टांच्या संघटनांनी २००७ मध्ये जुने अभ्यास एकत्र केले, तेव्हा पाच मिलिमीटरपर्यंतचे ६८ टक्के खडे आपोआप पडल्याचं दिसलं. पाच ते दहा मिलिमीटरमधले ४७ टक्के. आता गंमत पाहा. कुळथाचा काढा घ्या, पानफुटीची पानं चावा, बिअर प्या किंवा नुसतं मारुतीला तेल वाहा. खडा पाच मिलिमीटरच्या आतला असेल तर शंभरातल्या ६८ जणांना गुण येणार. गावोगावी मुतखड्यावरचं एक खात्रीचं औषध का असतं, याचं उत्तर मला या आकड्यात सापडतं. खुद्द ॲलोपॅथीही यातून सुटलेली नाही. नळी सैल करणारी टॅमसुलोसिनची गोळी जगभर लिहून दिली जाते. ब्रिटनमध्ये हजारावर रुग्णांवर तिची चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. चार आठवड्यांत पुढच्या उपचाराची गरज न पडलेले रुग्ण गोळी घेणाऱ्यांत ८१ टक्के होते आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत ८० टक्के. मोठ्या, खालच्या भागातल्या खड्यांना गोळीचा थोडा उपयोग होतो असं मानणारे डॉक्टर आजही आहेत आणि त्यांच्याकडेही अभ्यास आहेत. पण त्या ८० टक्क्यांपुढे थोडं थांबावं.

उरलेल्यांसाठी दुर्बीण. तिची जाडी फ्रेंच नावाच्या मापात सांगतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. सरळ, किंचितच वाकणारी सेमी-रिजिड दुर्बीण आठ फ्रेंचच्या आसपास, म्हणजे २.७ मिलिमीटर. टोक हवं तसं वळवता येणारी लवचीक दुर्बीण साडेसात ते साडेनऊ फ्रेंच. ३ ते ४ मिलिमीटरच्या नळीत ३ मिलिमीटरचं हत्यार घालायचं, त्याच्या पोटात १.२ मिलिमीटरचा एक मार्ग, त्या मार्गातून एकाच वेळी पाणीही सोडायचं आणि लेसरची तारही सरकवायची. लेसरची तार साधारण २०० ते ३६५ मायक्रॉनची. हे सगळं लघवीच्या नैसर्गिक वाटेने, कुठेही छेद न देता. पुरुषात मूत्रमार्गच अठरा-वीस सेंटिमीटरचा, मग मूत्राशय, मग मूत्रवाहिनी. लवचीक दुर्बिणीची कामाची लांबी ६७ सेंटिमीटरच्या आसपास ठेवलेली आहे ती यासाठी.

या वाटेने पहिला माणूस गेला तो ठरवून नव्हे. १९१२ मध्ये अमेरिकेत ह्यू हॅम्प्टन यंग एका लहान मुलाचं मूत्राशय तपासत होते. जन्मजात अडथळ्यामुळे त्या मुलाच्या मूत्रवाहिन्या इतक्या फुगलेल्या होत्या की मूत्राशयाची दुर्बीण थेट मूत्रपिंडापर्यंत जाऊन पोचली. निरोगी मापाच्या नळीत मुद्दाम शिरायला आणखी अर्धं शतक लागलं. १९६४ मध्ये मार्शल यांनी नऊ फ्रेंचची लवचीक दुर्बीण आत घातली; तिच्यातून दिसायचं, पण करता काही येत नसे. कामाची सरळ दुर्बीण १९७७ ते १९८० या वर्षांत आली. याच सुमारास, ७ फेब्रुवारी १९८० रोजी, म्युनिकमध्ये बाहेरून आघातलहरी देऊन खडा फोडण्याचा पहिला उपचार झाला, आणि १९७६ मध्ये स्वीडनमध्ये पाठीतून छिद्र पाडून खडा काढला गेला होता. चार-पाच वर्षांत तिन्ही वाटा उघडल्या. त्यापूर्वी या खड्यासाठी पोट किंवा कूस उघडावी लागे.

दुर्बीण खड्यापर्यंत पोचली की तो फोडायचा कसा, हा पुढचा भाग. दोन साधनं जास्त चालतात.

पहिलं न्यूमॅटिक लिथोट्रिप्टर. स्वित्झर्लंडमध्ये १९९० च्या आसपास हे तयार झालं. दाबलेल्या हवेने धातूची एक सळई खड्यावर सेकंदाला बारा वेळा ठोके मारते. उष्णता शून्य, तार बदलायचा खर्च शून्य, यंत्र वर्षानुवर्षं चालतं. लहान शहरांतल्या अनेक रुग्णालयांत ते आजही रोज वापरात आहे, आणि ते मागासलेपणाचं लक्षण मानायचं काही कारण नाही. खालच्या भागातला सात मिलिमीटरचा खडा ते पाच-दहा मिनिटांत फोडतं. त्याची अडचण ठोक्यातच आहे. खडा फुटताना वर उडतो. वरच्या भागातला खडा असेल तर उडून थेट मूत्रपिंडात जाऊन बसतो, जिथे सरळ दुर्बीण पोचत नाही. शिवाय सळई वाकत नाही, म्हणून लवचीक दुर्बिणीतून ती चालत नाही. तुकडेही मोठे पडतात. आठ मिलिमीटरच्या खड्याचे तीन मिलिमीटरचे तुकडे धरले तर एकोणीस. ते चिमट्याने किंवा तारेच्या जाळीने एकेक करून बाहेर आणायचे. प्रत्येक फेरीत नळीच्या भिंतीला खरचटण्याची शक्यता असते. दोन मिलिमीटरच्या आतले कण मागे ठेवले तरी बहुधा लघवीवाटे निघून जातात.

दुसरं लेसर, आणि इथे आकडे वेगळ्याच पट्टीवर जातात. होल्मियम लेसर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मुतखड्यावर वापरात आहे. त्याच्या किरणाची लांबी २,१०० नॅनोमीटर. पाण्यात तो अर्धा मिलिमीटरही शिरत नाही. चिंचोळ्या नळीत तो सुरक्षित ठरतो तो या एका गुणामुळे: तारेचं टोक भिंतीपासून जरा लांब ठेवलं की मधलं पाणीच भिंतीला वाचवतं. एका स्पंदात एक ज्यूल ऊर्जा, आणि स्पंद टिकतो तो सेकंदाचे दहा हजार भाग केले तर त्यातले तीन भाग. भागाकार करून पाहा: त्या क्षणापुरती शक्ती ३,३०० वॉटच्या वर जाते. सेकंदाला असे दहा स्पंद दिले तर सरासरी मात्र दहाच वॉट.

आपल्या आठ मिलिमीटरच्या खड्याचं आकारमान २६८ घन मिलिमीटर. एक घन मिलिमीटर खड्याला दहा ज्यूल लागतात असा ढोबळ हिशोब धरू. कठीण खड्याला जास्त लागतात, मऊ खड्याला कमी. एकूण २,६८० ज्यूल. भुकटी करायची तर स्पंद हलके ठेवतात, समजा ०.४ ज्यूलचे, झाले ६,७०० स्पंद, सेकंदाला वीस या गतीने साडेपाच मिनिटं. थुलियम फायबर लेसर हा नवा गडी १,९४० नॅनोमीटरवर चालतो, पाणी त्याचा किरण सुमारे चौपट जोमाने शोषतं आणि तो सेकंदाला दोन हजारांवर स्पंद देऊ शकतो. त्याला ०.१ ज्यूलचे सेकंदाला दोनशे स्पंद दिले, तर २६,८०० स्पंद सव्वादोन मिनिटांत. ही नुसती लेसर चालू असण्याची वेळ. खडा शोधणं, धुकट पाणी निवळायची वाट पाहणं, कण धुऊन काढणं हे वेगळं, आणि ऑपरेशनचा बराचसा वेळ त्यातच जातो.

हे वॉट शेवटी पाण्यात उतरतात, हे जाहिरातीत सांगत नाहीत. वीस वॉट, भोवती कोंडलेलं दहा मिलिलिटर पाणी आणि प्रवाह बंद, असं असेल तर तापमान सेकंदाला जवळजवळ अर्ध्या अंशाने चढतं. शरीराच्या ३७ अंशांवरून ४३ अंशांवर, जिथे पेशींना इजा व्हायला लागते, पोचायला बारा-तेरा सेकंद पुरतात. मूत्रवाहिनीत तर खड्याभोवती मिलिलिटरभर पाणी मिळालं तरी नशीब. तिथे तेच काम सव्वा सेकंदात होईल. म्हणून पाण्याचा प्रवाह सतत चालू ठेवावा लागतो. पण पाणी जोरात सोडावं तर दाब वाढतो. मूत्रपिंडाच्या पोकळीतला एरवीचा दाब दहा सेंटिमीटर पाण्याच्या आतबाहेर. तीस-चाळीसच्या पुढे गेला की आतलं पाणी, आणि त्यात जंतू असतील तर तेही, उलट रक्तात शिरू लागतं. सलाइनची पिशवी मीटरभर उंच टांगली की दाब शंभर सेंटिमीटर. एकीकडे चटका, दुसरीकडे सेप्सिस, आणि मधे सर्जनचा पाय लेसरच्या पेडलवर.

दाब उतरावा म्हणून लवचीक दुर्बिणीआधी एक बाहेरची नळी सरकवतात, तिला ॲक्सेस शीथ म्हणतात. नेहमीचं माप १२/१४ फ्रेंच, म्हणजे बाहेरून ४.७ मिलिमीटर. नळी ३ ते ४ ची, शीथ ४.७ चं! फ्रान्समधल्या एका अभ्यासात ३५९ रुग्णांची मूत्रवाहिनी शीथ काढताना दुर्बिणीने तपासली, ४६.५ टक्के जणांच्या भिंतीवर काही ना काही इजा दिसली आणि १३.३ टक्क्यांत ती स्नायूपर्यंत गेलेली होती. आधी काही दिवस स्टेंट, म्हणजे आत ठेवायची बारीक नळी, ठेवून मूत्रवाहिनी सैल झालेल्यांत गंभीर इजेची शक्यता सात पटींनी कमी होती. ‘आधी नुसती नळी टाकली, खडा काढलाच नाही, दोनदा पैसे घेतले’ अशी तक्रार करण्याआधी हा आकडा आठवावा.

आता निकालांकडे. २०१० ते २०१२ या काळात ३२ देशांतल्या ११४ केंद्रांनी दुर्बिणीने उपचार केलेल्या ११,८८५ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. नुसत्या मूत्रवाहिनीच्या खड्यांपुरतं पाहिलं तर खालच्या भागात ९४ टक्के रुग्ण खडामुक्त झाले, मधल्या भागात ८९ आणि वरच्या भागात साडेचौऱ्याऐंशी. पद्धत तीच, पण दहा-पंधरा सेंटिमीटर वर गेलं की दहा टक्के यश गळतं. २००७ च्या त्या एकत्रित आकड्यांत तर वरच्या भागातल्या दहा मिलिमीटरच्या आतल्या खड्याला बाहेरून दिलेल्या आघातलहरींचं यश ९० टक्के होतं आणि दुर्बिणीचं ८०. दहा मिलिमीटरच्या पुढे पारडं फिरतं: लहरी ६८, दुर्बीण ७९. लवचीक दुर्बीण आणि लेसर पसरल्यावर दुर्बिणीची बाजू सुधारली आहे. तरी बिनभुलीचा, बिनस्टेंटचा उपचार म्हणून लहरी अजून बाद झालेल्या नाहीत. ब्रिटनमध्ये सहाशेवर रुग्णांची समोरासमोर तुलना झाली. पुन्हा उपचार लागले ते लहरीवाल्यांत २२ टक्क्यांना आणि दुर्बीणवाल्यांत १० टक्क्यांना. उलटं वाचलं तर लहरी घेतलेल्या ७८ टक्क्यांचं ऑपरेशन टळलं.

खडा मोठा असेल तर? इथे सीटी स्कॅनच्या अहवालातला एकच आकडा वाचून घाबरू नये. मूत्रपिंडातला १८ मिलिमीटरचा गोल खडा ३,०५४ घन मिलिमीटरचा, आपल्या आठच्या अकरा पट. पण मूत्रवाहिनीत खड्याला रुंदीला जागाच नसते, तो लांबट होतो. १८ बाय ८ बाय ८ चा खडा ६०३ घन मिलिमीटरचा, म्हणजे सव्वादोन पटच. तरीही वरच्या भागात पंधरा मिलिमीटरच्या पुढचा, महिनोन्‌महिने रुतून बसलेला खडा असेल तर खालून झुंजण्यापेक्षा पाठीतून मूत्रपिंडात शिरून वरून खाली उतरणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. नेहमीच्या पद्धतीत हे छिद्र २४ ते ३० फ्रेंचचं, म्हणजे सेंटिमीटरच्या आसपास. मिनी पद्धतीत १४ ते २०. गुजरातेत नडियादच्या मुळजीभाई पटेल रुग्णालयात महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४.८५ फ्रेंचच्या, १.६ मिलिमीटरच्या सुईतूनच पाहायची आणि लेसर चालवायची पद्धत मांडली. ती मूत्रपिंडातल्या लहान खड्यांसाठी. पण माप किती खाली आलंय, ते यावरून कळावं.

माझं मत विचाराल तर खालच्या भागातल्या खड्याला सरळ दुर्बीण पुरे. फोडायला हवा की लेसर याने फार फरक पडत नाही, दुर्बीण धरणाऱ्या हाताने पडतो. वरच्या भागातला खडा असेल तर मात्र लवचीक दुर्बीण आणि लेसर हाताशी असलेलं ठिकाण गाठावं, कारण तिथे खडा वर उडाला तरी मागोमाग जाता येतं.

धोक्यांचे आकडे लहान आहेत, पण शून्य नाहीत. युरोपीय मार्गदर्शिकेत मूत्रवाहिनीला भोक पडण्याचं प्रमाण १.७ टक्के दिलं आहे, ताप किंवा सेप्सिसचं १.१ आणि मूत्रवाहिनी तुटून येण्याचं ०.१ टक्का. शेवटचा आकडा हजारात एक असा दिसतो. लाख ऑपरेशनं झाली तर ती शंभर माणसं होतात. जाळीत पकडलेला मोठा तुकडा जोर लावून ओढणं हे त्याचं नेहमीचं कारण. सर्जन मधेच थांबला, स्टेंट टाकून ‘पंधरा दिवसांनी परत येऊ’ म्हणाला, तर तो बहुधा या शंभरांत तुमची भर टाळतो आहे.

एका प्रसंगी तर यंत्रांची सगळी तुलनाच बाजूला ठेवायची. खडा अडकलेला आणि अंगात थंडीताप. मागे तुंबलेलं मूत्र पू झालेलं असू शकतं. अमेरिकेतल्या अशा सेप्सिस झालेल्या १,७१२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तुंबलेलं मूत्र वाट करून काढून दिलेल्यांत ८.८ टक्के दगावले, न दिलेल्यांत १९.२ टक्के. त्या रात्री खडा फोडायचा नसतो. स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून निचरा करायचा, खड्याचं नंतर बघू. ताप आहे आणि घरात ‘सकाळी जाऊ’ चाललंय, तर सकाळची वाट पाहू नका.

राहता राहिला स्टेंट. दोन्ही टोकांना वळण असलेली २४-२६ सेंटिमीटरची ही नळी ठेवलेल्या ८० टक्क्यांच्या आसपास लोकांना जळजळ, वारंवार लघवी किंवा कुशीत दुखणं होतं. गुंतागुंत न झालेल्या ऑपरेशननंतर ती सरसकट ठेवायची गरज नाही असं मार्गदर्शिका सांगतात. ठेवली तर बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत निघते. दुखणं ओसरलं की मात्र लोक ती विसरतात, आणि विसरलेल्या स्टेंटवर महिन्यांनी नवेच खडे चढतात. मग तो काढायला आधीपेक्षा मोठं ऑपरेशन लागतं. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढायची तारीख लिहिलेली आहे ना, ते पाहा. नसेल तर तिथेच उभं राहून लिहून घ्या.